गांजा, तरुण वय आणि व्याधिक्षमत्व : सिद्ध काय, असिद्ध काय?

गांजाविषयी दोन विधाने वैद्याच्या कानावर वारंवार पडतात. पहिले विधान तरुण रुग्णांचे : 'ती तर वनस्पती आहे, आयुर्वेदातही सांगितली आहे, मग तिच्यापासून अपाय कसा होईल?' दुसरे पालकांचे, आणि कित्येकदा व्यसनविरोधी व्याख्यात्यांचेही : 'गांजाने शरीरातील रोगप्रतिकारशक्ती समूळ नष्ट होते.' पहिले विधान शास्त्राच्या अर्धवट ओळखीतून येते, तर दुसरे काळजीपोटी केलेल्या अतिशयोक्तीतून. यांपैकी कोणत्याही विधानास वैद्याने नुसती मान डोलावली, तर अंती रुग्णाचे अहितच होते. गांजाचे सेवन आणि तरुणांचे व्याधिक्षमत्व यांचा संबंध आज कितपत सिद्ध आहे व चिकित्सेत त्याचा उपयोग कसा करावा, याचा ऊहापोह आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

विषयाची व्याप्ती लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी मागील वर्षभरात या वनस्पतीचा कोणत्या ना कोणत्या रूपात वापर केला होता. भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा वा चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. दोन्ही घेणारे दोन्ही गणनांत येतात. ज्यांना या व्यसनासाठी मदतीची आवश्यकता आहे अशांची संख्या सुमारे ७२ लाख होती. यांतील अनेक जण आपल्या चिकित्सालयात येतात. मात्र ते गांजासाठी नव्हे, तर खोकल्यासाठी, निद्रानाशासाठी वा भूक मंदावल्याच्या तक्रारीसाठी येतात.

ग्रंथातील विजया आणि चिलमीतील गांजा

एकाच वनस्पतीची तीन रूपे व्यवहारात आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांतून निघणारी राळ म्हणजे चरस. मादक द्रव्याचे प्रमाण भांगेत सर्वांत कमी व चरसेत अधिक असते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने गांजा व चरस यांवर निर्बंध घातले. शेंड्यांविरहित पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. महाराष्ट्रात मात्र भांगही १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नियंत्रणात येते.

आयुर्वेदात ही वनस्पती आहे, हे तरुणाचे म्हणणे खरेच आहे. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून अहिफेनाबरोबर भंगेचा निर्देश केला. भावप्रकाशात ती कफहर, तिक्त, ग्राही, पाचक, लघु, तीक्ष्ण, उष्ण व पित्तकर सांगितली असून मोह व मद वाढविणारी, असेही त्याच वर्णनात स्पष्ट म्हटले आहे. जातिफलादि चूर्णासारख्या कल्पात ती ग्रहणी विकारात उपयोगी पडते. परंतु याच शास्त्राने तिची गणना उपविषांत केली, शोधनाशिवाय तिचा वापर निषिद्ध मानला आणि मात्रा व अनुपान यांची मर्यादा घातली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत, म्हणजे अनुसूची ई (१) मध्ये, भंगेचा समावेश आहे. त्यामुळे विजयायुक्त कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

चिलमीत किंवा सिगारेटच्या कागदात भरला जाणारा गांजा हे या विजयेचे रूप नव्हे. तेथे शोधन नाही, मात्रा नाही, रोग नाही आणि वैद्यही नाही. तेथे आहे तो धूर, बहुधा तंबाखूमिश्रित. शिवाय गांजाही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत त्यातील मुख्य मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले. ग्रंथातील विजयेचे प्रशस्तिपत्र या धुरास लावणे म्हणजे शुद्ध वत्सनाभाच्या गुणांवरून अशुद्ध वत्सनाभ खाण्यासारखे होय.

पेशींच्या पातळीवर काय घडते?

गांजातील मुख्य मादक द्रव्य टी.एच.सी. या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. इस्रायलमधील राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते शरीरात कोठे व कसे कार्य करते, हे समजण्यास आणखी पाव शतक जावे लागले. १९९० साली त्याच्या पहिल्या ग्राहीची, म्हणजे सी.बी.-१ ची, रचना उलगडली. हा ग्राही प्रामुख्याने मेंदूत आढळतो. १९९२ साली शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले एक तत्सम द्रव्य सापडले आणि संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' हे नाव दिले. १९९३ साली दुसरा ग्राही, सी.बी.-२, सापडला.

हा दुसरा ग्राही आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, कारण तो मुख्यत्वे प्लीहा, टॉन्सिल व रक्तातील श्वेतपेशी यांवर आढळतो. प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या बी-पेशींवर त्याचे प्रमाण सर्वाधिक असून त्याखालोखाल नैसर्गिक मारक पेशी, एककेंद्रक पेशी व टी-पेशी यांवर ते आढळते. याचा अर्थ असा की, व्याधिक्षमत्वाचे नियमन करणाऱ्या पेशींना स्वतःची एक सूक्ष्म संदेशव्यवस्था आहे आणि गांजातील द्रव्य तीत बाहेरून शिरून हस्तक्षेप करते. परकीय हाताने सनईची छिद्रे झाकावीत, तसा हा प्रकार आहे. सूर बदलणार हे निश्चित. किती बदलणार हे त्या हाताच्या जोरावर व वाजविण्याच्या कालावधीवर अवलंबून आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांत हा बदल ठळकपणे दिसतो. उंदरांमध्ये टी.एच.सी.मुळे पेशीजन्य प्रतिकाराला चालना देणारे संदेशद्रव्य कमी होते, प्रतिकाराचा रोख पालटतो आणि काही जंतुसंसर्गांना तोंड देण्याची क्षमता घटते. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या विशिष्ट पेशी त्यामुळे मोठ्या संख्येने रक्तात उतरतात, हे अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या नागरकट्टी दांपत्याच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखविले. मात्र अशा प्रयोगांतील मात्रा पुष्कळदा मोठ्या असतात आणि त्या बहुधा सुईने दिल्या जातात. त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे मनुष्यास लावता येत नाहीत.

मनुष्यातील पुरावा : अतिशयोक्ती टाळावी

'प्रतिकारशक्ती नष्ट होते' या समजाचा इतिहास मनोरंजक आहे. १९७४ साली गॅब्रिएल नाहास व सहकाऱ्यांनी गांजा ओढणाऱ्या ५१ तरुणांच्या लसिकापेशी तपासल्या आणि त्या उत्तेजनास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, असे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या वृत्ताचा जगभर गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांना गांजा ओढणाऱ्यांच्या लसिकापेशींचा प्रतिसाद प्राकृत आढळला होता. पहिले वृत्त लोकांच्या लक्षात राहिले. दुसरे विस्मरणात गेले.

या प्रश्नाचा अलीकडचा सर्वांत व्यापक आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी २०१७ साली घेतला. निरोगी व्यक्तींमध्ये गांजाच्या धूम्रपानाने दाह निर्माण करणाऱ्या काही संदेशद्रव्यांचे प्रमाण घटते, यास मर्यादित पुरावा आहे. रक्तातील प्रतिकारपेशींवर इतर अपाय होतो, असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. एच.आय.व्ही.बाधित ६७ रुग्णांना २१ दिवस गांजा वा तत्सम द्रव्य देऊन केलेल्या २००३ सालच्या अभ्यासातही त्या अल्प काळात विषाणूंच्या संख्येत वाढ आढळली नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, निरोगी तरुणाला 'तुझी प्रतिकारशक्ती संपली' असे सांगणे शास्त्रास धरून नाही. ते उपयोगाचेही नाही. त्याच्या बरोबरीचे दहा जण गांजा ओढून हिंडताफिरताना तो रोज पाहतो. वैद्याचे एक विधान त्याला खोटे वाटले, की त्यानंतरची दहा खरी विधानेही तो ऐकत नाही.

फुप्फुस : येथे मात्र शंका नाही

रक्तातील पेशींविषयी पुरावा धूसर असला, तरी धूर ज्या अवयवात शिरतो तेथील चित्र पुष्कळ स्पष्ट आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक गांजाची व एक तंबाखूची सिगारेट यांची तुलना केली गेली. गांजा ओढताना दम खोल घेतला जातो व बराच वेळ कोंडला जातो. परिणामी रक्तातील कर्बवायूचा भार सुमारे पाचपट, तर आत जाणाऱ्या डांबराचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले.

वायुकोशातील भक्षकपेशी या फुप्फुसाच्या द्वारपाल होत. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. डोनाल्ड टॅश्किन यांच्या गटाने गांजा ओढणाऱ्या मनुष्यांच्या फुप्फुसांतून या पेशी मिळवून तपासल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, या पेशी पूयजनक जंतूंना गिळण्यात उण्या पडल्या आणि मारण्यात तर फारच दुर्बल ठरल्या. जंतूंना मारण्यासाठी लागणारे नायट्रिक ऑक्साइड हे अस्त्र तंबाखू ओढणाऱ्यांच्या पेशी वापरू शकत होत्या. गांजा ओढणाऱ्यांच्या पेशी ते वापरू शकत नव्हत्या. द्वारपाल जागेवर होते, पण त्यांच्या हातातील शस्त्र गळाले होते. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांत खोकला, कफ व जीर्ण श्वासनलिकादाहाचे वारंवार होणारे वेग अधिक आढळतात, यास मात्र २०१७ च्या त्याच आढाव्याने भक्कम पुरावा असल्याचे मान्य केले.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली, बुरशी. ओलसर जागी साठविलेल्या गांजावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू धुराबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात. निरोगी मनुष्य बहुधा त्यांतून सुटतो. परंतु रक्ताच्या कर्करोगाची चिकित्सा घेणारा, अवयवरोपण झालेला वा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा तरुण सुटत नाही, असे रुग्णवृत्तांत नोंदलेले आहेत. अमेरिकेतील २०१६ सालच्या विमाधारकांच्या नोंदींवरील अभ्यासात गांजा वापरणाऱ्यांमध्ये बुरशीजन्य संसर्गाचे निदान सुमारे साडेतीनपट अधिक आढळले.

दुसरी गोष्ट आपल्या देशात अधिक महत्त्वाची, ती म्हणजे क्षयरोग. २००४ साली अमेरिकेतील सिएटल शहरात तरुणांच्या एका मित्रगटात क्षयरोगाचा उद्रेक झाला. काचा बंद केलेल्या मोटारीत एकत्र बसून गांजा ओढण्याची त्यांची सवय होती. एकाचा खोकला, सर्वांचा श्वास आणि बंद जागा, एवढे क्षयाच्या जंतूस पुरेसे असते. आपल्याकडे एकच चिलीम हातोहात फिरते. तिच्या तोंडाशी गुंडाळलेली ओली साफी धूर थंड करील, जंतू अडवणार नाही. आणि खोलीची खिडकी तर वास बाहेर जाऊ नये म्हणूनच बंद असते. आधीच दुबळ्या झालेल्या भक्षकपेशी व त्यात हा सहवास, अशा दुहेरी मार्गाने धोका वाढतो.

तरुण वय वेगळे का?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वयाचे विभाग सांगताना सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, तर पुढे तीस वर्षांपर्यंत ते वर्धमान असून मन बहुधा अस्थिर असते, असे म्हटले आहे. बाह्यतः पूर्ण वाढलेला वीस वर्षांचा युवक शास्त्रदृष्ट्या अजून घडणीतच आहे. आधुनिक शास्त्रही आज यास दुजोरा देते. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. टी-पेशींची शाळा असलेली थायमस ग्रंथी याच वयात आकुंचन पावत जाते आणि प्रतिकारव्यवस्थेची मांडणी स्थिरावत असते.

या घडणीच्या काळात हस्तक्षेप झाल्यास काय होते, याचे सूचन इटालियन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मिळते. त्यांनी पौगंडावस्थेतील व प्रौढ अशा दोन्ही उंदरांना दहा दिवस टी.एच.सी. दिले. तत्काळ परिणाम दोहोंत प्रतिकार मंदावण्याचाच होता. औषध थांबवून दीर्घ काळ लोटल्यावर प्रौढपणी औषध मिळालेले उंदीर पूर्ववत झाले. पौगंडावस्थेत औषध मिळालेले मात्र पूर्ववत झाले नाहीत. प्रौढ झाल्यावर त्यांच्या प्रतिकारपेशींचा कल उलट दिशेला, म्हणजे अधिक दाहाकडे, झुकलेला आढळला. उंदराचा निष्कर्ष मनुष्यावर लादता येत नाही, हे आम्ही वर म्हटलेच आहे. तथापि त्यातील सूत्र विचार करण्याजोगे आहे : प्रौढात येऊन जाणारा विकार घडत्या धातूंत मुरून राहू शकतो.

ओजाच्या संकल्पनेतून पाहता याची संगती अधिक नीट लागते. चरकांनी मदात्यय चिकित्सेत मद्याचे दहा गुण सांगून ते ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असल्याने ओज क्षुब्ध करतात, असे विवेचन केले. लघु, उष्ण, तीक्ष्ण व व्यवायी हे त्यांतील चार गुण विजयेतही आहेत. ओज गुरू, शीत, मृदू व स्थिर आहे. व्यवायी द्रव्य पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापते. धुरावाटे घेतलेले टी.एच.सी. काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि स्नेहात विरघळणारे असल्याने मेदात साठून राहते. नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात त्याचे अंश काही आठवडे सापडतात. सहज, कालज व युक्तिकृत अशा त्रिविध बलांपैकी कालज बल तारुण्यात सर्वोच्च असते. जे बल निसर्ग विनामूल्य देतो, त्याच काळात ते उधळले जाते, ही या व्यसनातील खरी हानी होय.

चिकित्सकाने काय करावे?

प्रथम प्रश्न विचारावा. वारंवार खोकला, बरी न होणारी सर्दी, अकारण कृशता वा निद्रानाश असलेल्या प्रत्येक तरुण रुग्णास, पालकांना क्षणभर बाहेर बसवून, दरडावणीचा सूर न लावता विचारावे : भांग, गांजा की चरस? तोंडावाटे, सिगारेटमधून की चिलमीतून? तंबाखू मिसळून का? आठवड्यातून किती दिवस? कोणत्या वयापासून? एकट्याने की सामायिक?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त असल्यास कासचिकित्सा करीत दिवस दवडू नयेत. थुंकीची तपासणी शासकीय क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य होते. रुग्णास त्याच दिवशी तेथे पाठवावे. अवयवरोपण, कर्करोगचिकित्सा वा स्टिरॉइड चालू असलेल्या तरुणास गांजाचा धूर पूर्णतः वर्ज्य असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा. गांजा सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश व भूक मंदावणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत ओसरतात. हे रुग्णास आधीच सांगून ठेवल्यास तो धीर सोडत नाही. दारू अकस्मात सोडताना होणारे प्राणघातक उपद्रव येथे सहसा होत नाहीत. तरी दीर्घकाळ व नित्य सेवन करणाऱ्यास चरकोक्त पादांशिक क्रमाने सोडविणे सुसह्य ठरते. तंबाखूही त्याबरोबरच सोडवावी, अन्यथा तीच पुन्हा चिलमीकडे नेते. या काळात निद्रेसाठी वा अतिसारासाठी कल्प देताना त्याची घटकद्रव्ये पाहावीत. व्यसन सोडणाऱ्याच्या हाती विजयायुक्त कल्प देऊ नये. अभ्यंग, शिरोभ्यंग, सुपाच्य आहार व निश्चित दिनचर्या यांनी पुष्कळ कार्य साधते. रसायनाचा विचार त्यानंतर करावा. मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही, ही संहितेतील उपमा येथे तंतोतंत लागू पडते. गांजा चालू ठेवून च्यवनप्राश देणे म्हणजे रुग्णाची व आपलीही फसवणूक होय.

भ्रम, संशय, असंबद्ध बोलणे अशी मानस लक्षणे दिसल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात विलंब करू नये; गांजाचे सेवन व अशा विकारांचा संबंध प्रतिकारशक्तीच्या प्रश्नाहून कितीतरी अधिक दृढपणे सिद्ध झालेला आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रे १९८६ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहेत, आणि १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे. रुग्णास अशा ठिकाणी पाठविण्यात वैद्यास कमीपणा नाही.

उपसंहार

सारांश, गांजाने निरोगी तरुणाची प्रतिकारशक्ती नष्ट होते, हे सिद्ध नाही. गांजाच्या धुराने फुप्फुसाचे रक्षण करणाऱ्या पेशी दुर्बल होतात, हे दिसून आले आहे. सामायिक चिलीम व बंद खोली क्षयास निमंत्रण देतात. घडत्या वयातील परिणाम दीर्घकाळ टिकू शकतात, अशी साधार शंका घेण्यास जागा आहे. एवढे सत्य तरुणास सावध करण्यास पुरेसे आहे. त्यात भर घालण्याची आवश्यकता नाही.

गेल्या काही वर्षांत विजयायुक्त तेले व वट्या यांच्या जाहिराती वाढल्या आहेत आणि त्यांवर आयुर्वेदाचे नाव ठळकपणे असते. अशा वेळी विजयेचे औषधी मूल्य जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते. उपविषास उपविष म्हणण्याचे धैर्य ज्या शास्त्राने शतकानुशतके दाखविले, त्याच्या अनुयायांनी ते आज सोडू नये. 'आयुर्वेदात सांगितले आहे' असे म्हणणाऱ्या तरुणास आयुर्वेदाने नेमके काय सांगितले आहे, हे संपूर्ण सांगणे एवढेच आपले कर्तव्य. आणि ते आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.